रूममेट, स्टील मिल आणि तुझे पणजोबा

प्रिय ओंकार,

तुझा तो मैलभर लांब मेसेज वाचला, दोनदा वाचला. फोनवर बोलायला गेलं की तू हं हं करत दुसऱ्या टॅबवर काहीतरी बघत बसतोस म्हणून लिहूनच पाठवतेय. मराठीत लिहितेय, कुरकुर करू नको, शनिवारच्या मराठी शाळेत इतकी वर्षं ने-आण केली ती काय फक्त गणपतीतल्या नाटकासाठी नव्हती.

तर तुझा रूममेट म्हणाला की आमच्या घरात कोणाकडे कधी पैसा नव्हता, बापाची लॉर्ड्सटाउनच्या गाड्यांच्या कारखान्यातली नोकरी गेली, आई नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करते, मी लोन काढून शिकतोय आणि वीकेंडला पिझ्झा पोचवतोय, मला कसलं डोंबलाचं व्हाइट प्रिव्हिलेज, म्हणजे गोरेपणाचा आयता फायदा. आणि तू म्हणालास तरीपण तुला आहेच, ते आधी मान्य कर. आणि आता दोघं एका खोलीत राहून एकमेकांशी बोलत नाही. तुला माझ्याकडून हवंय की मी म्हणावं तू बरोबर. हो, उत्तर तुझं बरोबर आहे, पण तू ते गणित सोडवलेलंच नाहीयेस, पुस्तकाच्या मागची उत्तरं पाहून आलायस, आणि म्हणून त्याने एक प्रश्न उलटा विचारला की तुझी बोलती बंद.

तो स्ट्रदर्सचा ना? आपल्या ओहायोतल्या बोर्डमनच्या घरापासून गाडीने जेमतेम दहा-पंधरा मिनिटं, आणि तू तिथे बहुतेक फक्त मॅचला गेला असशील. यंगस्टाउन, कॅम्पबेल, स्ट्रदर्स, मॅहोनिंग नदीच्या काठाने एकेकाळी सलग मैलोनमैल स्टीलच्या भट्ट्या होत्या. 1930 ला यंगस्टाउनची वस्ती होती 1 लाख 70 हजार, 2020 च्या जनगणनेत 60 हजार. बाकीचे कुठे गेले आणि जे राहिले ते का राहिले हे समजल्याशिवाय तुमच्या भांडणाला काही अर्थ नाही, तुम्ही दोघं तिथलेच आणि दोघांनाही ते कोणी शिकवलेलं नाही.

त्याच्या आडनावावरून दिसतं की पणजोबा-खापरपणजोबा स्लोव्हाकियाकडून आलेले असणार. कॅम्पबेलमध्ये कंपनीने 1918 च्या सुमारास कामगारांसाठी काँक्रीटची घरं बांधली, काही अजून उभी आहेत, एकदा बघून ये. त्यातही वेगवेगळ्या वस्त्या, इथलेच जुने गोरे कुशल कामगार एकीकडे आणि परदेशातून आलेले व काळे दुसरीकडे. म्हणजे ह्याच्या पणजोबाला तेव्हा कोणी स्वच्छ गोऱ्यात धरत नव्हतं. कॅथलिक, तोडकंमोडकं इंग्लिश, हाताला काळं लागलेलं. 1923 मध्ये यंगस्टाउनमध्ये कू क्लक्स क्लॅनच्या, म्हणजे गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेच्या, पाठिंब्यावर महापौर निवडून आला, आणि इथे क्लॅनचा मुख्य राग काळ्यांपेक्षा ह्या कॅथलिक लोकांवर होता. पुढच्या वर्षी शेजारच्या नाइल्समध्ये क्लॅनने मोर्चा काढायचं ठरवलं तर इटालियन आणि आयरिश कामगार रस्त्यावर उतरले, मारामारी झाली, नॅशनल गार्ड बोलवावं लागलं. त्यामुळे रूममेट जेव्हा म्हणतो की आमच्या लोकांनाही लाथा बसल्यात, तेव्हा तो खोटं बोलत नाही हे आधी लक्षात घे.

आता त्याच 1923 सालातली दुसरी गोष्ट. भगतसिंग थिंड म्हणून अमृतसरकडचा एक शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता, त्याने नागरिकत्व मागितलं. 1790 पासूनच्या कायद्यात नागरिकत्व मिळायचं ते 'मुक्त गोऱ्या' माणसाला (नंतर आफ्रिकन वंशाच्यांनाही, पण मधल्या कोणाला नाही). सुप्रीम कोर्टाने सांगितलं तू गोरा नाहीस, चालता हो. आणि त्याची बाजू काय मांडली होती माहितीये? की मी उच्चवर्णीय आर्य आहे, आणि आमच्याकडे उच्चवर्णीय माणूस लग्नाच्या बाबतीत तिथल्या मूळच्या आदिवासी लोकांकडे ज्या नजरेने बघतो त्याच नजरेने अमेरिकन माणूस निग्रोकडे बघतो, म्हणजे आपण एकाच माळेचे मणी. वाचलं तेव्हा मला इतकी लाज वाटली, आणि मग हसूही आलं, कारण नवीन काहीच नव्हतं त्यात, हेच आपण घरगुती भाषेत अजून बोलतो.

तर बघ, स्लोव्हाक कामगार, ज्याला क्लॅन हाकलायला निघालीय, तो कोर्टात जाऊन नागरिक होऊ शकत होता, मत देऊ शकत होता. सैन्यात राहून आलेला थिंड नाही. स्लोव्हाक माणसाला त्यात श्रीमंत झाल्यासारखं वाटलं असेल का? अजिबात नाही. सकाळी उठून तो त्याच भट्टीत जात होता. पण त्याच्या पायाखाली एक फरशी होती जिच्याखाली त्याला कोणी ढकलू शकत नव्हतं. मला जे म्हणायचंय ते साधारण हेच आहे, गरीब गोऱ्याचा फायदा पगाराच्या चिठ्ठीवर जमा बाजूला सापडत नाही, तो शोधायचा तर कापलेल्या रकमेच्या रकान्यात बघावं लागतं, शेजारच्याचं काय काय कापलं गेलं आणि ह्याचं नाही. आणि आपलं जे कापलं गेलं नाही ते माणसाला दिसणार कसं, तूच सांग.

मिलमध्ये हे कसं चालायचं ते नीट सांगते कारण इथेच खरी मेख आहे. स्टील मिलमध्ये सिनिऑरिटी पूर्ण कारखान्याची नसायची, खात्याखात्याची असायची. रोलिंग मिलची रांग वेगळी, मेंटेनन्सची वेगळी, कोक भट्टीची वेगळी. ज्या रांगेत लागलास त्याच रांगेत वर सरकायचं. काळ्या कामगारांना लावायचे कोक भट्टीला, जिथे कोळसा भाजतात, उष्णता, धूर, डांबराची वाफ, आणि त्या भट्ट्यांच्या माथ्यावर उभं राहून काम. 1970 च्या सुमारास पिट्सबर्गकडच्या कामगारांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की माथ्यावर वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर बाकीच्यांपेक्षा कितीतरी पट जास्त होतोय, आणि ते बहुतेक काळे होते. आता समज एखाद्याला वीस वर्षांनी वाटलं की बाबा मला रोलिंगला जायचंय, तर जा ना, कोण अडवतंय, फक्त तिथे तू शेवटच्या नंबरचा, पगार कमी, आणि ले-ऑफ आला की पहिला तू. कोण जाईल? कुठेही "काळ्यांना बंदी" अशी पाटी लावायची गरजच नाही. आणि गोऱ्या कामगाराचा मुलगा, भाचा, मेहुणा थेट चांगल्या रांगेत, कारण बापाने फोरमनच्या कानावर घातलेलं. त्या बापाला विचार, तो म्हणेल मी कोणावर अन्याय केला, मी माझ्या पोराला चिकटवला. खरंच आहे, सगळेच चिकटवतात. पण रांग कोणती हे आधीच ठरलेलं होतं ना.

युनियनही त्यात सामील होती हे तुझ्या प्रोफेसरने सांगितलं का? आपण डाव्या विचाराचे म्हणून युनियनचं नाव काढलं की गहिवरतो, पण खात्याची सिनिऑरिटी करारात लिहिलेली होती आणि करारावर सही युनियनची. शेवटी 1974 मध्ये नऊ स्टील कंपन्या, युनियन आणि सरकार यांच्यात कोर्टापुढे समझोता झाला, सिनिऑरिटी पूर्ण कारखान्याची धरायची, आणि अन्याय झालेल्या कामगारांना मिळून जवळजवळ 3 कोटी 10 लाख डॉलर मागचा पगार द्यायचा. त्या नऊमध्ये आपल्या इथली यंगस्टाउन शीट अँड ट्यूब होती.

आणि मग काय झालं? 19 सप्टेंबर 1977, सोमवार. शीट अँड ट्यूबने जाहीर केलं की कॅम्पबेलचा कारखाना बंद, 5 हजार लोक घरी. इथले म्हातारे अजून ब्लॅक मंडे म्हणतात त्याला. म्हणजे दार उघडून साडेतीन वर्षंही झाली नाहीत तोवर घरच पाडलं. कंपनी 1969 मध्येच न्यू ऑर्लिन्सच्या एका जहाजवाल्या लाइक्स कॉर्पोरेशनने विकत घेतली होती, त्यांनी भट्ट्यांवर नवा खर्च फारसा केला नाही, पैसा काढत राहिले. इथल्या चर्चवाल्यांनी आणि कामगारांनी मिळून कारखाना स्वतः विकत घ्यायचा प्रयत्न केला, तर 1979 मध्ये वॉशिंग्टनने कर्जाची हमी द्यायला नकार दिला. गोरे आणि काळे दोघंही रस्त्यावर आले. फक्त गोऱ्याच्या घरात तीस-चाळीस वर्षांच्या चांगल्या पगाराचं काहीतरी उरलेलं होतं आणि काळ्याची चांगली रांग आत्ता कुठे सुरू झाली होती.

तुला हे सगळं ओळखीचं वाटत नाही का रे? मला पहिल्यांदा इथल्या एका रिटायर्ड कामगाराने कोक भट्टीचं सांगितलं, माझ्या फार्मसीत औषधांची वाट बघत काउंटरसमोर खुर्चीत बसला होता, तेव्हा मला आपलं लालबाग आठवलं. तुझे पणजोबा, म्हणजे माझे आजोबा, 1930 च्या सुमारास साताऱ्याकडून मुंबईला आले, गावच्या लोकांच्या खोलीवर वळकटी टाकली, मेहुण्याने जॉबरला, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाला, सांगितलं आणि लागले गिरणीत साचा खात्यात, म्हणजे विणकामाला. गरिबी अशी की एका खोलीत पाळीपाळीने झोपायचे, रात्रपाळीवाला उठला की दिवसपाळीवाला त्याच जागेवर. त्यांना कोणी येऊन म्हणालं असतं की तुम्हाला जातीचा फायदा मिळतोय तर त्यांनी काय केलं असतं ते मी लिहीत नाही, आजी वाचेल. पण साचा खात्यात पगार जास्त होता आणि तिथे महार कामगाराला घेत नसत. कारण काय, तर धोट्यातली, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी तुकड्यातली, कांडी बदलली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून काढावा लागायचा, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आम्ही तोंडाला कसा लावायचा. मालकाने नाही हं अडवलं, अडवलं ते बाकीच्या कामगारांनी. लाल बावट्याखालच्या कामगारांनी. 1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना रोखठोक विचारलं की ही बंदी उठवा ही मागणी तुमच्या यादीत का नाही, नाहीतर आमचा पाठिंबा धरू नका. तेव्हा कुठे नाइलाजाने ती यादीत आली.

पणजोबांच्या मागे तुझे आजोबा बदलीवर लागले, मग कायम झाले, आणि 1982 च्या संपात सगळंच गेलं. संपानंतर आजोबा दादरला भाजी विकायचे. मग त्या साचा खात्याचा आम्हाला फायदा झाला की नाही झाला? झाला. लालबागची खोली त्या पगारावर घेतलेली, त्या खोलीच्या पत्त्यावर मला शाळा मिळाली, शाळेमुळे फार्मसी, फार्मसीमुळे ओहायो. आणि तरी आजोबांना जर कोणी विचारलं असतं तर ते म्हणाले असते की गिरणीने माझं वाटोळं केलं. दोन्ही खरं. रूममेटच्या घरचीही हीच कथा आहे.

बाबासाहेबांनी 1946 मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं माहितीये ना, युनोकडे अमेरिकेतल्या काळ्यांचा अर्ज गेला होता त्याच्या प्रती मिळतील का म्हणून, आणि डु बॉइसनी उत्तरही दिलं. तर ह्याच डु बॉइसनी 1935 मध्येच लिहून ठेवलंय की दक्षिणेतल्या गोऱ्या मजुराला हातात पैसा कमीच मिळायचा, पण भरपाई म्हणून एक प्रकारची सार्वजनिक आणि मानसिक मजुरी मिळायची. रस्त्यात मान, बागेत प्रवेश, बरी शाळा, पोलीस त्याच्यातलेच, कोर्टही जरा सांभाळून घेणार. आणि ह्या मजुरीपायी तो काळ्या मजुराशी एकजूट करायचा नाही, त्यामुळे दोघांचाही रोकड पगार खालीच राहायचा. मला ही गोष्ट तुझ्या कॉलेजच्या ओरिएंटेशनमधल्या त्या व्हाइट प्रिव्हिलेजच्या स्लाइडपेक्षा शंभर पटीने पटते, कारण ह्यात नफा कोणाच्या खिशात गेला तेही दिसतं. स्लाइडमध्ये मालक कुठेच नसतो.

ही मानसिक मजुरी म्हणजे काय ते बघायचं तर आपल्याच गावातली एक गोष्ट. 1951, यंगस्टाउन. लहान मुलांच्या बेसबॉलची एक टीम शहराची चॅम्पियनशिप जिंकली, तर कोच आणि आईबाप सगळ्यांना साउथ साइड पार्कच्या म्युनिसिपालिटीच्या स्विमिंग पूलवर घेऊन गेले. टीममध्ये एकच काळा मुलगा, अल ब्राइट. त्याला आत सोडेनात. तो बाहेर कुंपणापलीकडे बसला, बाकीची पोरं पाण्यात, मधूनमधून कोणीतरी त्याला खायला नेऊन देतंय. मोठ्या माणसांनी फारच गळ घातली तेव्हा एक तोड काढली. सगळ्या पोरांना पाण्यातून बाहेर काढलं, अलला रबरी तराफ्यावर बसवलं आणि लाइफगार्डने त्याला ढकलत पूलभर एक फेरी मारून आणली, आणि पूर्ण फेरीभर सांगत होता, पाण्याला हात लावायचा नाही. बस, एवढंच, हात लावायचा नाही.

पुढे हा अल ब्राइट मोठा चित्रकार झाला, इथल्याच युनिव्हर्सिटीत प्रोफेसर होता, 2019 मध्ये गेला. ओंकार, मी ही गोष्ट इंग्लिशमध्ये वाचत होते आणि डोक्यात सरळ चवदार तळं आलं, महाड, 20 मार्च 1927, दुसरं येणारच काय. आता विचार कर, त्या पाण्यात जी बाकीची पोरं होती ती काही राजाची पोरं नव्हती, मिलवाल्यांचीच असणार निम्मी. त्यांच्या घरी त्या दिवशी एक डॉलर जास्त आला नाही. पण ती पाण्यात होती. आणि ह्यातलं सगळ्यात वाईट म्हणजे ते लोक वाईट नव्हते, त्यांनी त्याच्यासाठी गळ घातली, खायला नेऊन दिलं, आणि तरीही कोणी असं म्हणालं नाही की मग आम्ही पण नाही पोहत.

घराचंही तसंच. 1930 च्या दशकात सरकारने शहरांचे नकाशे काढून वस्त्यांना रंग दिले, हिरवा सगळ्यात चांगला आणि लाल सगळ्यात वाईट, कुठे कर्ज द्यायचं कुठे नाही, यंगस्टाउनचाही आहे. परदेशी कामगारांच्या वस्त्यांनाही खालचाच रंग मिळाला बऱ्याच ठिकाणी, तेव्हा स्लोव्हाक आजोबाची सुरुवात काही हिरव्या रंगात झाली नाही. पण युद्धानंतर सरकारी हमीचं कर्ज घेऊन बोर्डमनसारख्या सबर्बमध्ये जायची वेळ आली तेव्हा तो निघू शकला आणि त्याच मिलमधला, तोच गणवेश घालून युद्धावर जाऊन आलेला काळा माणूस नाही निघू शकला. मिसिसिपीचा 1947 चा आकडा तर ऐकण्यासारखा आहे, माजी सैनिकांना घर, धंदा, शेतीसाठी सरकारी हमीची 3,229 कर्जं झाली, त्यातली काळ्या सैनिकांना किती, दोन. दोनशे नाही, दोन.

तुझा रूममेट म्हणेल आमचे आजोबा तर बोर्डमनला गेलेच नाहीत, स्ट्रदर्सलाच राहिले, आणि ते घर आज विकायला काढलं तर गाडीच्या किमतीला जाईल. हेही बरोबर आहे. मिळालेलं होतं ते गावाबरोबर बुडालं. म्हणून तर म्हणते, सगळ्या गोऱ्यांना एकाच मापाने मोजू नको, जो 1960 ला कॅलिफोर्नियात घर घेऊन बसला त्याचा फायदा आणि स्ट्रदर्सवाल्याचा फायदा ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मग आज त्याच्याकडे काय उरलंय? एक प्रयोग सांगते. मिलवॉकीमध्ये 2001 ला डेव्हा पेजर नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईने तरुण मुलांच्या जोड्या करून, एक दोन गोऱ्यांची आणि एक दोन काळ्यांची, साध्यासुध्या नोकऱ्यांसाठी पाठवल्या, वेटर, गोदाम, डिलिव्हरी, असलीच कामं, कॉलेजच्या डिग्रीची नाहीत. शिक्षण, अनुभव सगळं कागदावर सारखं, फक्त जोडीतला एक जण आलटूनपालटून सांगायचा की मी ड्रग्जच्या गुन्ह्यात तुरुंगात जाऊन आलोय. गोरा आणि कोरी पाटी, 34 टक्के ठिकाणांहून परत बोलावणं आलं. गोरा आणि तुरुंगात जाऊन आलेला, 17 टक्के. काळा, कोरी पाटी, 14. काळा आणि तुरुंग, 5. परत वाच मधले दोन आकडे. तुरुंगातून आलेला गोरा हा काहीही न केलेल्या काळ्याच्या बरोबरीने, किंचित पुढेच. हे बँकेतल्या मॅनेजरचं नाही चाललंय, तुझा रूममेट ज्या नोकऱ्या करतो त्याच नोकऱ्यांचं आहे. त्याला जर तुला काही दाखवायचंच असेल तर हे दाखव, पण जिंकल्यासारखा चेहरा करून नाही. आणि हेही सांग की 34 म्हणजे शंभरातल्या 66 ठिकाणी कोऱ्या पाटीच्या गोऱ्यालाही कोणी फोन केला नाही.

आणि माझ्या काउंटरवरचं तर रोजचंच. 1986 च्या कायद्याने 5 ग्रॅम क्रॅक, म्हणजे ओढायचं कोकेन, सापडलं की पाच वर्षं तुरुंग, तीच शिक्षा पावडर कोकेनला व्हायला 500 ग्रॅम लागायचे. क्रॅकमध्ये पकडले जाणारे बहुतेक काळे. 2010 पर्यंत हे शंभराला एक चाललं, मग 18 ला एक केलं, बरोबरीत अजून नाहीच. आणि अफूसारख्या वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाची साथ आली आपल्या इथे आणि वेस्ट व्हर्जिनियात, मरणारे बहुतेक गोरे कामगार, तेव्हा सगळे म्हणायला लागले हा आजार आहे, सहानुभूती ठेवा, जास्त डोस झालेल्याला वाचवणारं नार्कन फुकट द्या. बरंच झालं, मी स्वतः देते, लोकांना कसं मारायचं नाकात ते शिकवते. पण हीच अक्कल तीस वर्षं आधी का नाही आली हे क्लीव्हलंडच्या एखाद्या काळ्या आईने विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही.

पण थांब, त्याचीही दुसरी बाजू बघ. वेस्ट व्हर्जिनियात कर्मिट म्हणून चारेकशे वस्तीचं गाव, तिथल्या एका फार्मसीत दोन वर्षांत जवळजवळ 90 लाख हायड्रोकोडोनच्या, म्हणजे तसल्याच वेदनाशामक, गोळ्या पाठवल्या गेल्या. नव्वद लाख! मी धंद्यातली आहे, मला विचार ह्याचा अर्थ काय होतो, मागवणाऱ्याला, पाठवणाऱ्याला, सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे ती माणसं गोरी होती म्हणून कोणी वाचवलं नाही, गरीब होती म्हणून विकली गेली. 2015 मध्ये अॅन केस आणि अँगस डीटन ह्या नवरा-बायकोने दाखवलं की 45 ते 54 वयाच्या गोऱ्या अमेरिकनांचा मृत्युदर 1999 पासून चढतोय, दारू, गोळ्या, आत्महत्या, आणि सगळ्यात जास्त कॉलेज न शिकलेल्यांचा. बाकी श्रीमंत देशांत असं होत नव्हतं. काळ्यांचा मृत्युदर तेव्हाही ह्यांच्यापेक्षा जास्तच होता, पण तो उतरत होता. ज्याचं चढतंय त्याला तू सांगतोस की तू फायद्यात आहेस. आकडेवारीने बरोबर असशील, पण त्याच्या कानाला ते कसं लागेल?

आणि आता आपल्याबद्दल, कारण हे तुझ्या मेसेजमध्ये कुठेच नव्हतं. तू कुठल्या खुर्चीत बसून त्याला हे सांगत होतास? तुझी ट्यूशन आम्ही भरतो, तुझी गाडी बाबांच्या नावावर आहे, समरला तू बिनपगारी इंटर्नशिप करू शकतोस कारण राहायला फुकट घर आहे. आपण इथे आलो ते 1965 च्या इमिग्रेशनच्या कायद्यामुळे, आणि तो कायदा सिव्हिल राइट्सची चळवळ झाली नसती तर झाला नसता, म्हणजे दार काळ्या लोकांनी लाथा घालून उघडलं आणि आत शिरलो डिग्र्या घेऊन आपण. बोर्डमनमध्ये घर घेताना बाबा काय म्हणाले होते, स्कूल डिस्ट्रिक्ट चांगला आहे. इथे चांगला म्हणजे कुठला ते तू आता इतका शिकलायस की तुला कळतं. पोलिसाने रात्री गाडी थांबवली तर तुझ्या रूममेटपेक्षा मला तुझी काळजी जास्त वाटते हे खरंय. पण ट्रान्समिशन बिघडलं तर सेमिस्टर सोडावं लागेल ही काळजी त्याच्या आईला आहे, मला नाही.

2019 मध्ये एक अभ्यास आला होता, त्यात उदारमतवादी लोकांना व्हाइट प्रिव्हिलेजबद्दल वाचायला दिलं, आणि मग एका गरीब माणसाची हकिकत दिली. वाचून काळ्या गरिबाबद्दलची त्यांची कणव वाढली नाही. गोऱ्या गरिबाबद्दलची कमी झाली, ह्याला तर सगळं मिळालं होतं मग हा मागे कसा राहिला, ह्याचीच चूक. मला तुझ्या मेसेजमध्ये नेमका हाच वास आला, म्हणून एवढं लांबण लावलं.

त्याच्याशी बोल. मान्य कर वगैरे नको. त्याच्या आजोबांचं विचार, कुठल्या मिलमध्ये होते, कुठल्या खात्यात, कोणी लावलं कामाला, कोक भट्टीला कोण होतं. 1974 ला घरात काय बोलणं झालं असेल ते विचार, बहुतेक शिव्याच असतील, ऐकून घे. आणि तुझ्या पणजोबांच्या साचा खात्याचं सांग, तेही फक्त गिरणगावच्या कौतुकाचं नाही, धोट्याचंही सांग. तो काय म्हणतो मला कळव, मला खरंच ऐकायचंय, तो म्हणेल की मग तुझे पणजोबा नि माझे आजोबा सारखेच, आणि मला वाटतं त्यावर तुला फारसं काही बोलता येणार नाही.

थँक्सगिव्हिंगला तो येणार असेल तर आधीच्या रविवारपर्यंत सांग, बाबांना मटणाला क्लीव्हलंडपर्यंत जावं लागतं आणि ऐन वेळी सांगितलं की ते माझ्यावर करवादतात. आणि तिखट कितपत चालतं तेही विचार. गाडीचं ऑइल बदललंस का? मागच्या महिन्यात हो म्हणालास पण क्रेडिट कार्डवर मला कुठे दिसलं नाही.

आई